संविधानाची खिशात मावणारी मराठी–इंग्रजी आवृत्ती : तळटीपांसाठी घ्यावी अशी

दरवर्षी ६ डिसेंबरच्या सुमारास दादरच्या शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, त्यांवर भारताच्या संविधानाच्या लहान आकाराच्या प्रती हमखास असतात आणि त्या मोठ्या संख्येने विकल्या जातात. अलीकडे लग्नात, वास्तुशांतीला, सेवानिवृत्तीच्या समारंभात पुष्पगुच्छाऐवजी संविधानाची प्रत देण्याची प्रथाही महाराष्ट्रात चांगली रुजली आहे, आणि ती स्वागतार्हच आहे. मात्र अशा प्रती अनेक प्रकाशक काढतात, संहिता सर्वांची एकच असते, आणि त्यामुळे निवड करताना ग्राहक मुखपृष्ठ आणि किंमत यांपलीकडे फारसे पाहत नाही. अशीच एक द्विभाषी आवृत्ती मी बराच काळ वापरत आहे. तिच्या प्रकाशकाचे नाव मी येथे देत नाही, कारण तिचे गुण आणि दोष या प्रकारच्या बहुतेक आवृत्त्यांना कमीअधिक प्रमाणात लागू पडतात. कोणतीही प्रत हाती घेतल्यावर काय तपासावे, हे या परीक्षणातून वाचकाला कळावे, एवढी अपेक्षा आहे.

आवृत्ती कापडी बांधणीची, गडद निळ्या रंगाची आणि सदऱ्याच्या खिशात नाही तरी कोटाच्या खिशात किंवा पिशवीत सहज राहील अशा आकाराची आहे. डाव्या पानावर इंग्रजी आणि उजव्या पानावर मराठी संहिता समोरासमोर येते, अनुच्छेद शक्यतो त्याच उंचीवर सुरू होतात, आणि खुणेसाठी रेशमी फीत दिलेली आहे. किंमत तीनशे रुपयांच्या आत आहे. महिलांसाठी लोकसभेत आणि विधानसभांत जागा राखून ठेवणाऱ्या २०२३ च्या १०६व्या सुधारणेपर्यंतचा मजकूर तिच्यात समाविष्ट आहे, आणि ही गोष्ट गृहीत धरण्यासारखी नाही. स्टॉलवर आजही जुन्या छपाईच्या प्रती नव्या वेष्टनात विकायला असतात, म्हणून प्रत घेण्यापूर्वी अनुच्छेद ३३०क उघडून पाहावा. तो नसेल, तर प्रत जुनी आहे.

या आवृत्तीचे खरे मोल तिच्या तळटीपांत आहे, हे मी सुरुवातीलाच सांगतो. भेट देण्यासाठी काढलेल्या काही स्वस्त प्रतींमध्ये जागा वाचवण्यासाठी तळटीपा गाळलेल्या असतात. पान त्यामुळे स्वच्छ दिसते, वाचायला सोपेही वाटते, पण संविधान १९५० मध्ये जसे होते तसेच ते आजही आहे, असा चुकीचा समज वाचकाच्या मनात निर्माण होतो. ज्या दस्तऐवजात शंभराहून अधिक वेळा सुधारणा झाल्या आहेत, त्याची तळटीपांविना छापलेली प्रत ही अपुरी प्रत होय. प्रस्तुत आवृत्तीत प्रत्येक घातलेल्या शब्दाला चौकटी कंस आहे, प्रत्येक गाळलेल्या शब्दाच्या जागी फुल्या आहेत, आणि पानाच्या तळाशी कोणत्या सुधारणा अधिनियमाने, कोणत्या दिनांकापासून हा बदल झाला, हे बारीक पण सुवाच्य अक्षरांत दिलेले आहे. उद्देशिकेच्या पानावरच याचा प्रत्यय येतो. १९४९ मध्ये स्वीकारलेल्या मजकुरात ‘सार्वभौम लोकशाही गणराज्य’ असे शब्द होते, आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या सुधारणेने, ३ जानेवारी १९७७ पासून, तेथे ‘सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य’ हे शब्द आले; त्याच सुधारणेने ‘राष्ट्राची एकता’ या शब्दांना एकात्मतेची जोड दिली. एवढी माहिती या आवृत्तीत दोन ओळींच्या टिपांत मिळते. समाजवादी आणि धर्मनिरपेक्ष या दोन शब्दांवर सार्वजनिक जीवनात जो वाद होत असतो, त्यात भाग घेणाऱ्या प्रत्येकाने निदान या दोन ओळी वाचलेल्या असाव्यात, असे मला मनापासून वाटते. या शब्दांना आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या. दुसरीकडे, संविधानसभेचे सदस्य के. टी. शाह यांनी धर्मनिरपेक्ष आणि समाजवादी हे शब्द पहिल्याच अनुच्छेदात घालावेत अशी सूचना १५ नोव्हेंबर १९४८ रोजी मांडली असता डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नव्हती. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे पुढच्या पिढ्यांनी आपल्या काळानुसार ठरवावे, संविधानाने त्यांचे हात बांधू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते, आणि समाजवादी आशय राज्याच्या धोरणाच्या निदेशक तत्त्वांत आलेलाच आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले होते.

याच संदर्भात मुखपृष्ठाबद्दल एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस मूळ हस्तलिखित प्रतीतील उद्देशिकेच्या पानाचे छायाचित्र छापले आहे. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांचे सुलेखन, नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली शांतिनिकेतनातील कलावंतांनी केलेली सजावट, आणि उद्देशिकेच्या पानाभोवती बेओहर राममनोहर सिन्हा यांनी काढलेली महिरप, हे सर्व लहान आकारातही देखणे दिसते. पण त्या पानावर अर्थातच १९७६ मध्ये आलेले शब्द नाहीत, तर पुढे छापलेल्या संहितेत ते आहेत. आणि या दोहोंत फरक का आहे, हे सांगणारी ओळ छायाचित्राखाली दिलेली नाही. तळटिपेपर्यंत न पोहोचणारा वाचक यावरून एकतर छपाईची चूक झाली असे समजेल किंवा कोणीतरी शब्द मुद्दाम वगळले असे समजेल. ‘१९४९ मध्ये स्वीकारलेला मूळ मजकूर’ एवढे चार शब्द छायाचित्राखाली छापले असते, तर हा गोंधळ टळला असता. जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते : संविधानाच्या हिंदी हस्तलिखित प्रतीचे सुलेखन वसंत कृष्ण वैद्य यांनी केले आहे. मराठी वाचकासाठी काढलेल्या आवृत्तीत त्यांचे नाव यायला हवे होते.

आवृत्तीचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे तिची दीड पानांची प्रस्तावना. ती श्रद्धेने लिहिलेली आहे, परंतु संविधानाच्या जन्माची हकिगत तिने इतकी आवळली आहे की तिच्यातील माणसे आणि अडचणी दोन्ही नाहीशा झाल्या आहेत. डॉ. आंबेडकर मुंबईतून संविधानसभेत निवडून गेले, असे एक वाक्य तीत आहे. ते अर्धेच खरे आहे, आणि जो अर्धा भाग सुटला आहे तोच महाराष्ट्रातील वाचकाला सर्वाधिक जवळचा वाटावा असा आहे. १९४६ मध्ये मुंबई प्रांताच्या विधिमंडळातून त्यांना निवडून जाणे शक्य झाले नाही. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाठिंब्यावर ते बंगालमधून निवडून आले. फाळणीमुळे ती जागा गेली. त्यानंतर राजेंद्रप्रसादांनी ३० जून १९४७ रोजी मुंबई प्रांताचे तेव्हाचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून, डॉ. आंबेडकरांची सेवा संविधानसभेला हवी असल्याने त्यांना ताबडतोब निवडून पाठवावे, अशी विनंती केली, आणि मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर ते पुन्हा सभेत आले. हे जयकर तेच, ज्यांनी डिसेंबर १९४६ मध्ये, मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी सभेत येईपर्यंत, भावी संविधानाची ध्येये सांगणाऱ्या उद्दिष्टांच्या ठरावावरील निर्णय लांबणीवर टाकावा, अशी उपसूचना मांडली होती. आणि १७ डिसेंबरच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी या धीराच्या भूमिकेला पाठिंबा दिला होता. सभेच्या अध्यक्षांनी त्या दिवशी त्यांना अनपेक्षितपणे बोलायला बोलावले होते, आणि देश एकसंध राहावा यासाठी घाई टाळण्याचा त्यांचा आग्रह विरोधी बाकांवरही आदराने ऐकला गेला. ही हकिगत चार वाक्यांत सांगता येते, आणि ती सांगितली असती तर २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली जाऊन तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे कसे आले, हे वाचकाला समजले असते.

प्रस्तावनेत दुसरी उणीव आहे ती क्रमाची. उद्देशिका पुस्तकाच्या प्रारंभी येते म्हणून ती आधी लिहिली गेली, असे प्रस्तावनेच्या मांडणीवरून वाटते. प्रत्यक्षात जवाहरलाल नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी मांडलेला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झालेला उद्दिष्टांचा ठराव हा तिचा पाया असला, तरी उद्देशिकेचा मजकूर सभेपुढे विचारासाठी आला तो १७ ऑक्टोबर १९४९ रोजी, म्हणजे जवळजवळ सर्व अनुच्छेदांवरची चर्चा आटोपल्यावर. उद्देशिका संविधानाशी सुसंगत असावी, यासाठी आधी संविधान ठरले आणि मग उद्देशिका, हा क्रम सभेने जाणीवपूर्वक ठेवला होता. त्या दिवशी ह. वि. कामत यांनी ‘परमेश्वराच्या नावाने’ अशी सुरुवात असावी अशी उपसूचना मांडली आणि ती मतास टाकण्याचा आग्रह धरला. ६८ विरुद्ध ४१ मतांनी ती फेटाळली गेली. श्रद्धेचा विषय मतास टाकला जाऊ नये, असे अनेक सदस्यांना वाटत होते आणि त्यांनी कामतांना तसे विनवलेही होते. उद्देशिकेतील बंधुतेचा उल्लेख उद्दिष्टांच्या ठरावात नव्हता. तो मसुदा समितीने घातला, आणि आपल्या देशात बंधुभावाची गरज कधी नव्हती इतकी आज आहे, असे कारण तिने दिले. फेब्रुवारी १९४८ मध्ये, फाळणीच्या हिंसाचारानंतर आणि गांधीजींच्या हत्येनंतर काही आठवड्यांतच, हे शब्द लिहिले गेले होते. शाळेत रोज उद्देशिका म्हणणाऱ्या मुलांना बंधुता हा शब्द पाठ असतो, पण तो कोणत्या दिवसांत लिहिला गेला हे त्यांना कोणी सांगत नाही. निदान प्रौढांसाठीच्या आवृत्तीने ते सांगावे.

आता भाग तीन, म्हणजे अनुच्छेद १२ ते ३५. ही आवृत्ती घ्यावी की नाही, हे मी या चाळीसएक पानांवरून ठरवले. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या प्रारंभी उद्देशिका असते आणि अनुच्छेद ५१क मधील मूलभूत कर्तव्येही असतात, त्यामुळे मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येकाला हे दोन मजकूर पाहून पाहून ओळखीचे झालेले असतात. मूलभूत हक्कांचा मूळ मजकूर मात्र नागरिकशास्त्राच्या धड्यातील सारांशापलीकडे बहुतेकांनी कधीच वाचलेला नसतो. तो शब्दशः वाचल्यावर जे उमगते, ते सारांशातून उमगत नाही. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड पाहा. दुकाने, उपाहारगृहे यांच्यानंतर तेथे विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांची नावे एकेक करून घेतलेली आहेत. समानतेचे तत्त्व सांगितल्यावर तलाव आणि विहीर यांची वेगळी नोंद कशासाठी, असा प्रश्न परक्या वाचकाला पडेल. महाराष्ट्रातील वाचकाला तो पडू नये. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला होता, तरी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यानंतर मारहाण सोसावी लागली, आणि न्यायालयीन लढा उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९३७ मध्ये संपला. केवळ तत्त्व मान्य झाल्याने पाणी मिळत नाही, हे ज्यांनी अनुभवले होते त्यांच्या अध्यक्षतेखाली हा मसुदा तयार झाला. मजकुरात तलावाचे नाव घेऊनच बंदी घातली गेली, याचे मोल त्या अनुभवाशिवाय कळणार नाही.

असाच आणखी एक उपखंड अनुच्छेद २५ मध्ये आहे. धर्मस्वातंत्र्याची हमी देतानाच तो राज्याला समाजसुधारणेचे कायदे करण्याची आणि हिंदूंच्या सार्वजनिक धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याची मुभा देतो. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत राजकुमारी अमृत कौर आणि हंसा मेहता यांनी, धर्माचरणाच्या अमर्याद हक्काआड देवदासी आणि बालविवाह यांसारख्या प्रथा लपतील, असा इशारा दिला होता. हक्कांचा अंतरिम अहवाल सरदार पटेलांनी २९ एप्रिल १९४७ रोजी सभेपुढे मांडला, आणि त्याच आठवड्यात पंढरपूरला विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींचे उपोषण सुरू झाले. दिल्लीत शब्द ठरत होते आणि चंद्रभागेच्या काठी त्याच शब्दांसाठी एक माणूस प्राण पणाला लावत होता. मराठी आवृत्तीच्या संपादकाने अशा दोन-तीन टिपा जोडल्या असत्या, तर शासनाच्या संहितेत काहीही न बदलता तिचे मोल कितीतरी वाढले असते.

अनुच्छेद १९ च्या मांडणीत मात्र या आवृत्तीची एक गंभीर चूक झाली आहे. भाषण आणि अभिव्यक्ती, सभा, संघटना, संचार, वास्तव्य आणि व्यवसाय ही स्वातंत्र्ये सांगणारा पहिला खंड उजव्या पानाच्या अगदी तळाशी संपतो, आणि त्या स्वातंत्र्यांवर कोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतात हे सांगणारे खंड २ ते ६ पान उलटल्यावर सुरू होतात. ज्याला घाईत एवढाच अनुच्छेद पाहायचा आहे, तो हक्क वाचून थांबेल आणि मर्यादा त्याच्या नजरेतून सुटतील. हक्क आणि त्याची मर्यादा एकाच दृष्टिक्षेपात यायला हवी, कारण मर्यादेची नेमकी भाषा माहीत असेल, तरच तिच्यापलीकडे जाणारा निर्बंध ओळखता येतो. दुसऱ्या खंडाच्या तळटीपा तर इतिहासाचा एक धडाच आहेत. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने मे १९५० मध्ये, म्हणजे संविधान अमलात येऊन चार महिनेच झाले असताना, रद्द केली. त्यानंतर जून १९५१ मध्ये, पहिली सार्वत्रिक निवडणूक होण्याच्याही आधी, पहिल्या सुधारणेने सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि अपराधास चिथावणी ही नवी कारणे या खंडात आली. मात्र त्याच सुधारणेने निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत, ही अटही याच खंडात प्रथमच आली. १९६३ च्या सोळाव्या सुधारणेने देशाची सार्वभौमता आणि एकात्मता हे कारण जोडले. पालघरमध्ये २०१२ साली मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल दोन तरुणींना अटक झाली, त्यातून उभ्या राहिलेल्या प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले, ते याच यादीत न बसणाऱ्या कारणांसाठी शिक्षा देत असल्यामुळे. यादी वाचलेली असेल तर तो निकाल सामान्य वाचकालाही समजतो.

याच अनुच्छेदात (ङ) नंतर फुल्या येतात आणि एकदम (छ) येतो. मध्ये नाहीसा झालेला (च) हा संपत्ती संपादन करण्याचा, धारण करण्याचा आणि तिची विल्हेवाट लावण्याचा हक्क होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या सुधारणेने तो २० जून १९७९ पासून गाळला गेला, अनुच्छेद ३१ निरसित झाला, आणि संपत्तीचा हक्क अनुच्छेद ३००क मध्ये मूलभूत नसलेला घटनात्मक हक्क म्हणून उरला. तळटीप हे सर्व नीट सांगते. परंतु त्याच्याशी जोडलेली नववी अनुसूची या आवृत्तीत फक्त शीर्षक आणि दोन ओळींच्या सारांशावर आटोपली आहे, आणि हा मला सर्वांत खटकलेला काटकसरीचा प्रकार आहे. न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण दिलेल्या २८४ नोंदींची ती यादी कंटाळवाणी असेल, पण तिच्यातील दुसरीच नोंद १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाची आहे. ज्या कूळकायद्याने महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांना कसत असलेली जमीन मिळाली, त्याला संविधानाने कोठे आणि कसे संरक्षण दिले, हे पाहण्याची सोय मराठी वाचकासाठी काढलेल्या प्रतीत नसावी, हे योग्य नाही. २४ एप्रिल १९७३ नंतर या अनुसूचीत घातलेले कायदे मूलभूत संरचनेच्या, म्हणजे सुधारणेनेही मोडता न येणाऱ्या संविधानाच्या मूळ चौकटीच्या, कसोटीवर तपासता येतात, असा निकाल २००७ मध्ये लागला, त्याचाही उल्लेख एका ओळीत करता आला असता.

तळटीपांची इतकी प्रशंसा केल्यावर त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि ती अनुच्छेद २१ पाशी लख्ख दिसते. जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य यांना संरक्षण देणाऱ्या या एका वाक्याला तळटीप नाही, कारण १९५० पासून त्यातील एकही शब्द बदललेला नाही. तरीही सर्वाधिक बदल झाला आहे तो याच वाक्याच्या अर्थात. १९५० च्या गोपालन खटल्यात न्यायालयाने त्याचा अर्थ अगदी आखडता घेतला. १९७६ मध्ये, आणीबाणीत, जबलपूर प्रकरणात चार न्यायमूर्तींनी स्थानबद्ध माणसाला न्यायालयाचे दारच बंद केले आणि एकटे न्या. हंसराज खन्ना विरुद्ध मत देऊन उभे राहिले. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात, स्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, असे ठरले. १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस प्रकरणात उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात आला. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवताना जबलपूरचा निकाल स्पष्टपणे पुसून टाकला. त्या १९७६ च्या बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते आणि २०१७ च्या निकालपत्राचे एक लेखक त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड होते. केवळ संहिता वाचणाऱ्याला यातले काहीही कळणार नाही. उलट, त्याच्या लगेच खाली असलेल्या २१क या अनुच्छेदाला, म्हणजे सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या मोफत शिक्षणाच्या हक्काला, व्यवस्थित तळटीप आहे, आणि तिच्यातून २००२ मध्ये झालेली सुधारणा १ एप्रिल २०१० पर्यंत अमलात आली नव्हती, ही मन अस्वस्थ करणारी गोष्टही समजते. संहितेच्या अखेरीस निवडक पंधरा-वीस निकालांची चार पानांची यादी जोडली, तर ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल. यासाठी किंमत थोडी वाढली तरी माझी हरकत नसेल.

विषयसूचीचा अभाव ही दुसरी मोठी गैरसोय आहे. अनुक्रमणिका आहे, पण ती अनुच्छेदांच्या क्रमाने. ज्याच्या घरातल्या माणसाला पोलिसांनी नेले आहे, त्याला अनुच्छेद २२ हा क्रमांक आठवणार नाही; त्याला ‘अटक’ हा शब्द आठवेल, आणि त्या शब्दाखाली त्याला अटकेची कारणे कळवली जाण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर केले जाण्याचा हक्क सापडला पाहिजे. त्याच अनुच्छेदात प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच ताब्यात ठेवण्याला, मुभा देणारे खंडही आहेत, हेही त्याला तेथेच दिसेल. अनुच्छेद ३२ ला डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले होते, कारण हक्क बजावून घेण्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची हमी त्यात आहे. ज्या हक्काचा अनुच्छेद वेळेवर सापडत नाही, तो बजावायचा कसा, याचा विचार प्रकाशकाने करायला हवा.

छपाई चांगली आहे, शुद्धलेखनाच्या चुका तुरळक आहेत. कागद पातळ असल्याने मागच्या पानाची शाई किंचित दिसते आणि पेनने खुणा केल्यास त्या आरपार उमटतात, तेव्हा शिसपेन वापरावी. बांधणी शिवलेली आहे, केवळ चिकटवलेली नाही, त्यामुळे पुस्तक पूर्ण उघडून टेबलावर ठेवता येते आणि नेहमी वापरूनही पाने सुटलेली नाहीत. दोन भाषा समोरासमोर असल्याचा उपयोग स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना आणि न्यायालयाचे निकाल इंग्रजीत वाचून संहिता मराठीत पडताळणाऱ्यांना विशेष होईल. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मात्र निकालांच्या टिपांसह असलेले सविस्तर ग्रंथ लागतीलच.

दीड पानांची प्रस्तावना बाजूला ठेवली, अनुच्छेद १९ वाचताना पान उलटण्याची सवय लावली, आणि नववी अनुसूची विधी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील संहितेतून पाहिली, तर या किमतीत याहून उपयुक्त प्रत मला तरी मिळालेली नाही, आणि म्हणून मी ती घ्यावी असेच सुचवीन. भेट देण्यासाठी घेत असाल तर मुखपृष्ठाआधी उद्देशिकेचे पान उघडून तळटीप आहे की नाही ते पाहावे, आणि नसेल तर ती प्रत घेऊ नये. ज्यांना बारीक टाइप वाचणे जड जाते, त्यांनी हीच संहिता मोठ्या आकारात मागावी. बहुतेक विक्रेत्यांकडे ती असते, फक्त ती पुढे मांडलेली नसते.